आधी खिडक्या बघ

आजीच्या ट्रंकेत सापडलेला फोटो तू टाकलास आणि तीन गोष्टी विचारल्यास: आजोबांच्या मागचं हे चार पंख्यांचं विमान कुठलं, साल कुठलं असेल, आणि तसं विमान आज कुठे उभं असेल तर नव्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो कसा काढायचा. सांगतो. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

शेपटीला तीन उभे पंख दिसले की लोक "कॉन्स्टेलेशन" (लॉकहीड कंपनीचं जुनं प्रवासी विमान) म्हणून मोकळे होतात. पण त्यात दोन पिढ्या आहेत आणि त्या ओळखायच्या खिडक्यांवरून. आधीच्या कॉन्स्टेलेशनच्या खिडक्या बोटीसारख्या गोल. नंतरच्या सुपर कॉन्स्टेलेशनच्या चौकोनी, कोपरे गोलसर केलेल्या, आणि विमानाचं धड साडेपाच मीटरने जास्त लांब. तुझ्या फोटोत आजोबांच्या उजव्या खांद्यावर तीन खिडक्या दिसतात. मी मोठ्या करून पाहिल्या, चौकोनी आहेत. म्हणजे सुपर.

आता साल. गोल खिडकीवाली 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेली. एअर इंडियाचं ते पहिलं परदेशी उड्डाण. सुपर आल्या १९५४ मध्ये. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि १९६२ मध्ये कंपनीकडे नुसती जेट उरली. त्याच वर्षी नावातलं 'इंटरनॅशनल'ही गेलं. तुझ्या फोटोत आजोबांच्या डोक्यामागे '...नॅशनल' एवढी अक्षरं वाचता येतात, त्यामुळे १९५४ ते १९६२ मधलं काहीतरी धर. अजून नेमकं हवं असेल तर मूळ प्रिंटमध्ये नाकाजवळचं नाव वाचता येतं का बघ. आधीच्या विमानांची नावं 'प्रिन्सेस', सुपरची 'राणी'. 'राणी ऑफ झाँसी' वगैरे. राजकन्या मोठ्या होऊन राण्या झाल्या, असं आम्ही म्हणायचो.

प्रिन्सेसचा विषय निघाला की मला 'काश्मीर प्रिन्सेस' आठवते. ११ एप्रिल १९५५ ला हाँगकाँगहून जाकार्ताला जाताना तिच्यात बॉम्ब फुटला. आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या बांडुंग परिषदेला निघालेलं चिनी शिष्टमंडळ तिच्यात होतं. १९ पैकी १६ जण गेले. कॅप्टन जटार गेले, इंजिनिअर अनंत कर्णिक समुद्रातून वाचले. आमच्या घरी ही दोन नावं मोठ्यांच्या तोंडी अशी असायची, जणू शेजारच्या चाळीतलीच माणसं.

मी स्वतः सुपर उडताना पाहिलेली नाही, माझ्या आधीच ती गेली. माझं बालपण म्हणजे सांताक्रूझची प्रेक्षक गॅलरी, वडिलांचा हात आणि आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी मनात हिशोब. इंडियन एअरलाइन्सचं कॅरव्हेल आलं की मी धावायचो, कारण त्याच्या खिडक्या त्रिकोणी होत्या. व्हायकाउंटच्या मोठ्या, अंड्यासारख्या. फोकर आणि अॅव्रो यांच्यात गल्लत करणाऱ्यांना वडील सांगायचे: पंख छताला तर फोकर, पंख पोटाशी तर अॅव्रो. आणि १९७१ ला जम्बो, म्हणजे बोइंग ७४७, आलं, 'एम्परर अशोक', खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेलं! मी अख्खा रोल त्याच्यावर उडवला. धुऊन आल्यावर बाराही फोटोंत जम्बो तांदळाच्या दाण्याएवढं आणि पुढे कोणाच्या तरी काकूंचा अंबाडा. तेच विमान १ जानेवारी १९७८ च्या रात्री उड्डाणानंतर लगेच वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली. ते अंबाड्याचे फोटो मी त्यानंतर पहिल्यांदा अल्बममध्ये लावले.

पुढे कॉलेजात असताना एका विमानतळाच्या कुंपणाबाहेरून फोटो काढताना मला पकडलं. त्या गृहस्थांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून रोल उन्हात ओढला, सगळा, हळूहळू, फीत मोजल्यासारखा. त्यांचं चुकलं असंही नाही. विमानतळावर फोटोला लेखी परवानगी लागते हे १९३७ च्या नियमांतच होतं. प्रवाशाला विमानाच्या आतून फोटो काढायची मोकळीक २००४ नंतरची. तेव्हा तुला बजावतो: पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे खिडकीतूनसुद्धा कॅमेरा काढू नकोस.

तरी तुला दाबोळीलाच जायचंय. घाबरू नकोस, धावपट्टीवर नाही. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ चं, आणि तिथे उघड्यावर एक सुपर कॉन्स्टेलेशन उभी आहे. एअर इंडियाने आपल्या सुपर हवाई दलाला दिल्या, तिथून १९७६ मध्ये काही नौदलाकडे आल्या आणि समुद्रावर टेहळणी करत राहिल्या. आजोबांच्या फोटोतलीच ही आहे असं मी म्हणत नाही, पण बहीण नक्की.

तुझी लांबचं जवळ आणणारी ७०-३०० ची लेन्स तिथे बॅगेतच राहील. विमान पस्तीस मीटर लांब, आणि तू त्याच्या नाकाखाली उभा. सगळं मावावं म्हणून वाइड लेन्स लावशील तर त्या सुंदर पाठीचा केळ्यासारखा आकार होईल. जितकं मागे जाता येईल तितकं जा, ३५ ते ५० मिलिमीटरवर काढ. ते अंग नाकापासून शेपटीपर्यंत कुठेच सरळ नाही, माशासारखं वळत जातं. बाजूने, थोडं खाली बसून काढलंस तरच ते कळतं. पुढचा पाय इतका उंच का, तर पंखे मोठे, जमिनीला लागू नयेत म्हणून. आणि शेपटीला तीन पंख का, तर एकच केला असता तर इतका उंच झाला असता की त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेला नसता. दोन्ही गोष्टी एका फोटोत बसतात, शोध.

गोव्यात अकरानंतर ऊन पांढरं होतं आणि फिका रंग जळून जातो. सकाळी जा, वेळ आधी विचारून घे. मला विचारशील तर पावसाळ्यात जा. ढगाळ उजेडात पत्र्यावरचा एकेक रिव्हेट दिसतो. मी गेलो होतो तेव्हा नुकतीच सर येऊन गेली होती. एका इंजिनाच्या पंख्याच्या मुळाशी कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यावर थेंब. मागे अठरा सिलिंडरचं इंजिन. ही इंजिनं इतकी कुरकुरायची की जुने लोक याला जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनांचं विमान म्हणायचे, चौथं वाटेत बंद पडायचं म्हणून. माझा त्या दिवसाचा सगळ्यात आवडता फोटो विमानाचा नाही, त्या जाळ्याचा आहे.

उडणारं जुनं विमान हवं असेल तर हवाई दलाकडे 'परशुराम' नावाचं डाकोटा आहे, २०१८ पासून, प्रदर्शनांत दिसतं. तोवर एटीआरवर, म्हणजे आजच्या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर, हात बसव. पंख्याच्या विमानाला शटर १/१२५ ते १/२०० सेकंद ठेव. जेटसारखं १/१००० ठेवलंस तर पंखे गोठतात आणि विमान दोऱ्याने टांगल्यासारखं दिसतं. दहातले आठ फोटो हलतील. हलू देत.

आणि "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणू नकोस. एअर इंडियाचं शेवटचं जम्बो, 'आग्रा', २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून भंगाराकडे निघालं. मी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होतो. भाच्याने मोबाईलवर क्लिप पाठवली: उडाल्या उडाल्या वैमानिकाने पंख डावीकडे-उजवीकडे झुकवले. तोंडात कापूस असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही, ते एक बरंच झालं.

आता तुझ्या फोटोचं. मोबाईलने फोटोचा फोटो काढलायस, तो नको. प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन कर, निगेटिव्ह मिळाली तर निदान २४०० ला. बुरशीचे ठिपके ओल्या फडक्याने पुसू नकोस. रंग भरणाऱ्या ॲपला तर अजिबात देऊ नकोस. तो लाल पट्टा ते निळा करून ठेवेल आणि दहा वर्षांनी तुझी मुलं भांडतील की निळाच होता. पाठीमागे काही लिहिलंय का, तेही स्कॅन कर. तेव्हा परदेशी जाणाऱ्याला पोचवायला अख्खं कुटुंब यायचं आणि फोटोवाले पाठीवर शिक्का मारायचे. शिक्क्यात कधीकधी तारीख असते.

अजून एक. फोटोच्या उजव्या कडेला, चाकांच्या जिन्याजवळ, नऊवारीतली एक मुलगी नारळ धरून उभी आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, ती एकटी विमानाकडे बघतेय. कापताना तिला कापू नकोस, आणि आजीला विचार, ती कोण?