साइझिंग डाय बसवताना घाई नको

रायफलच्या उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी, म्हणजे केस, पुन्हा भरण्याआधी प्रेसवर साइझिंग डायमध्ये (मापाच्या साच्यात) दाबून मापात आणतात. डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणारा प्रेसचा भाग) टेकवायची आणि वर पाव फेरा आवळायचा, ही पद्धत चालते, पण त्यात केसचा खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा जास्त मागे, बुडाकडे जातो. मग दर वेळी पितळ ताणलं जातं, बुडाजवळ पातळ होतं आणि एक दिवस केस तिथूनच तुटते. मीही सुरुवातीला चांगल्या केसेस अशाच घालवल्या.

आधी तुमच्याच रायफलमधून उडालेल्या केसचा खांदा कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा मापाचा जोडभाग) लावून कॅलिपरने मोजा. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) मात्र आधी काढा, नाहीतर माप चुकतं. डाय थोडी वर ठेवून सुरुवात करा. पहिल्यांदा माप उलट वाढेल. घाबरू नका, केसचं अंग दाबलं गेलं की खांदा आधी पुढेच सरकतो. मग डाय अगदी थोडी थोडी खाली घ्या. नेहमीच्या डायच्या आट्या इंचाला १४ असतात, म्हणजे अष्टमांश फेरासुद्धा जवळपास ९ हजारांश इंच! हाताने बोल्ट ओढायच्या बोल्ट-ॲक्शन रायफलला खांदा उडालेल्या केसच्या मापापेक्षा १ ते २ हजारांश मागे गेला की पुरे, आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या सेमी-ऑटोला ३ ते ४.

वंगण विसरलात तर केस डायमध्ये अडकलीच म्हणून समजा. लॉकरिंग (डाय जागेवर पक्की करणारी रिंग) आवळताना केस डायमध्येच, रॅम (केस वर ढकलणारा प्रेसचा दांडा) वर असू द्या. त्यानंतर आणखी दोन-तीन केसेस मोजून पाहा.