अडत पेढी डिजिटल करायची तर आधी एका लॉटची पट्टी काढा

सांगली मार्केट यार्डातली हळदीची अडत पेढी, बारा माणसं, वह्या आणि टॅली. सॉफ्टवेअरवाला म्हणतोय सहा महिन्यांनी सगळं एकदम चालू करून देतो, तर त्याऐवजी अजाइल पद्धतीनं, म्हणजे थोडंथोडं करून, वापरून बघत जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. फक्त त्यानं त्याच्या ऑफिसात दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे) करायचे आणि पेढीनं सहा महिने वाट बघायची, याला अजाइल समजू नका.

कामाचे तुकडे कसे पाडता यावर निम्मं यश आहे. व्हेंडर, म्हणजे सॉफ्टवेअरवाला, मॉड्यूलप्रमाणे पाडतो: आधी सगळी आवक, मग सगळे सौदे, मग हिशोब. तिसरा महिना उजाडला तरी एकाही शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे खर्च वजा करून हातात द्यायचा विक्रीचा हिशोब, निघत नाही. त्यापेक्षा उभा काप घ्या, म्हणजे एकच व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एक शेतकरी, एक लॉट, एक खरेदीदार, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) नाही. गेटवरची नोंद, सौद्याचा भाव, वजन, हमाली-तोलाई वजा, पट्टी हातात. पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये एवढंच. उचल, व्याज, फुटलेला लॉट हे नंतर एकेक करून.

काम 'झालं' कधी म्हणायचं, ते आधीच कागदावर ठरवा. गेल्या हंगामातल्या 20 पट्ट्या काढा, त्यात पाच-सहा मुद्दाम वाकड्या घ्या. नव्या सिस्टिममध्ये त्या रुपयापर्यंत जुळायला हव्यात. फरक निघाला तर आधी बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनाची वजावट, तपासा. समजा 37 पोती आहेत आणि बारदान पोत्यामागे 600 ग्रॅम. पूर्ण लॉटला वजावट 22.2 किलो. प्रोग्रामनं प्रत्येक पोत्याला राउंड करून एक किलो धरला, की वजावट 37 किलो. क्विंटलला 14,000 भाव असेल तर शेतकऱ्याचे 2,072 रुपये गेले! असला नियम कुठल्याच कागदावर नसतो, पेढीचा हिशोब बघणाऱ्या दिवाणजींच्या डोक्यात असतो.

म्हणूनच प्रोडक्ट ओनर, म्हणजे पेढीतर्फे कामांचा क्रम ठरवणारा, म्हणून मालकांच्या इंजिनिअर मुलाला बसवू नका. मोबाईल त्याला कळतो, कटती (वजनातली वजावट) दिवाणजींना कळते. दिवाणजींना रोज तासभर मोकळा द्या आणि कुठलं काम आधी यावर त्यांचाच शब्द शेवटचा ठेवा. मालकांनी मधूनच व्हेंडरला फोन करून 'एवढं जरा करून टाका' म्हटलं, की स्प्रिंट कोलमडला. रोजची बैठक 15 मिनिटांत, सौदे सुरू व्हायच्या आधी उरका. स्प्रिंटच्या शेवटचा डेमो केबिनमध्ये लॅपटॉपवर नको. काट्यापाशी, खऱ्या मालावर, तोलाईदाराच्या हातून व्हायला हवा.

तारीख तुमच्या हातात नाही. हळदीची मुख्य आवक फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे जानेवारीनंतर नवीन काही चढवायचं नाही. तारीख पक्की असली की कमी करायची ती कामाची यादी. डीएसडीएम या अजाइलच्याच एका पद्धतीतला नियम इथे बरोबर बसतो: 'याशिवाय चालणारच नाही' अशा कामांना एकूण मेहनतीच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा द्यायचा नाही. उरलेलं 'हवं' आणि 'जमलं तर' यांत. शेतकऱ्याला व्हॉट्सअॅपवर पट्टी हे 'जमलं तर'मध्येच टाका, मालक कितीही हौशी असले तरी. व्हेंडरचे हप्तेही महिन्यावर नको, पास झालेल्या स्प्रिंटवर बांधा.

सगळ्यात जास्त घोटाळा वही आणि सिस्टिम दोन्ही चालू ठेवण्यात होतो. प्रत्येक कापासाठी दोन आठवडे दुहेरी नोंद पुरे, आणि वही बंद करायची तारीख सुरुवातीलाच सांगा. नाहीतर दिवसभर वही चालते आणि संध्याकाळी एक पोरगा बसून सगळं टाइप करतो. हे ओळखायला नोंदींची वेळ बघा. सौदा सकाळचा आणि नोंद सहानंतरची, असं बहुतेक लॉटना दिसत असेल तर पुढचं फीचर थांबवा. काट्याजवळ नेट नाही, प्रिंटर लांब आहे की हळदीच्या धुळीनं स्क्रीन दिसत नाही, ते जाऊन बघा आणि पुढच्या स्प्रिंटला तेच काम पहिलं घ्या.