कॅनडाच्या बंदूक कायद्यांचा उत्तरेतल्या इनुइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) शिकाऱ्यांवर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि चांगलाच होतो. पण बंदीपेक्षा कागदपत्रांचा ताप जास्त आहे.

मी कामानिमित्त इकालुइटला राहिलेय, नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेतल्या प्रदेशाची राजधानी. नुनावुतमध्ये 25 वस्त्या, एकीतून दुसरीत जायला रस्ताच नाही, दुकानातला माल विमानाने नाहीतर उन्हाळ्यात जहाजाने येतो आणि भाव बघून पोटात गोळा येतो. तिथे रायफल म्हणजे घर चालवायचं साधन, शौक नाही. शेजाऱ्यांनी सील हा समुद्री प्राणी मारून आणला की किचनमध्ये जमिनीवर पुठ्ठा अंथरायचे, आजी उलू नावाच्या अर्धगोल पात्याच्या सुरीने तो सोलायची आणि नातेवाईक येऊन आपापला वाटा घेऊन जायचे.

1995 च्या कायद्याने लायसन्स, सेफ्टी कोर्स आणि प्रत्येक रायफलची नोंदणी सक्तीची केली, तीही अशा लोकांवर ज्यांच्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना फक्त इनुक्टिटुट ही इनुइटांची भाषा येते. सरकारबरोबरच्या 1993 च्या जमीन करारात इनुइटांचा शिकारीचा हक्क मान्य केलेला होता, म्हणून नुनावुत टुंगाविक ही इनुइटांची संस्था कोर्टात गेली आणि त्यांच्यापुरती नोंदणीची सक्ती थांबली. पुढे 2012 मध्ये साध्या रायफल-शॉटगनची नोंदणी देशभरातच बंद झाली. लायसन्स मात्र राहिलं, त्याच्याशिवाय गोळ्यासुद्धा विकत मिळत नाहीत. पोटासाठी शिकार करणाऱ्याला फी माफ आहे, 12 वर्षांखालच्या मुलालाही मायनर लायसन्स मिळू शकतं, हे सगळं ठीक, पण कोर्स घेणारा माणूस लांबच्या गावात येणार कधी?

नोव्हेंबर 2022 मध्ये सरकारने सी-21 या बंदुकांवरच्या बिलात दुरुस्ती करून एसकेएससारख्या सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलींवरची बंदी अचानक घुसवली. एसकेएस स्वस्त म्हणून कितीतरी आदिवासी शिकारी वापरतात, आणि पांढरं अस्वल अंगावर आलं तर दुसरी गोळी तत्काळ झाडावी लागते हो! असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या कॅनडातल्या इतर आदिवासींच्या संघटनेनेही कडाडून विरोध केला, फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली. आधीच विचारलं असतं तर?

बंदूक कुलूपबंद ठेवायच्या नियमाला मात्र माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. नुनावुतमध्ये आत्महत्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे आणि दाटीवाटीच्या घरात भरलेली रायफल हाताशी असणं फार धोक्याचं. सरकारने घरटी फुकट ट्रिगर लॉक द्यावेत आणि सेफ्टी कोर्स गावातल्याच जाणत्या शिकाऱ्यांना पगार देऊन इनुक्टिटुटमध्ये घ्यायला सांगावा.