‘बोथट’च्या उलट काय?

प्रश्न : ‘बोथट करणे’ याच्या विरुद्धार्थी माझ्या मुलीने ‘धार लावणे’ असे लिहिले. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : विळीपुरते ते अगदी बरोबर आहे, परंतु मराठीत हे क्रियापद वस्तूगणिक बदलते. पेन्सिलीला टोक काढतात, शस्त्र पाजळतात. झिजून गुळगुळीत झालेल्या जात्याला मात्र टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने त्याच्या दगडावर बारीक खाचा पाडून तो पुन्हा खरबरीत करतात, कारण त्या खरबरीतपणामुळेच धान्य नीट दळले जाते. ‘पाजळणे’ हा शब्द मला विशेष प्रिय आहे, कारण दिवाही पाजळतात. ‘अक्कल पाजळणे’ मात्र हिणवण्यासाठीच म्हणतात. बोथट झालेली जाणीव तीव्र होते आणि मंद बुद्धी तल्लख; तिथे ‘धार लावणे’ केवळ लाक्षणिक अर्थानेच चालेल.