तुमचे प्रश्न : मुंबईत रोज बाहेर जेवायचं, तेही परवडेल असं

या वेळची बहुतेक पत्रं मुंबईतून आलीत आणि सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच, मोठ्या हॉटेलात जायचं नाहीये, आपल्या आसपास चांगलं आणि खिशाला झेपणारं काय मिळेल ते सांगा. चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : मी नांदेडचा, नोकरीसाठी परळला आलोय. चौघांत एक रूम आहे आणि मालक गॅस ठेवू देत नाही. दोन्ही वेळा अ‍ॅपवरून मागवतो, महिन्याचा खर्च बघून डोकं फिरतं आणि पोट कायम बिघडलेलं. रोज जेवता येईल अशी जागा शोधायची कशी?

आधी निदान दुपारचं तरी अ‍ॅप बंद करा. ज्या जागा तुम्हाला हव्यात त्यातल्या बऱ्याच तिथे दिसणारच नाहीत, कारण अ‍ॅपचं कमिशन देऊन राइस प्लेटचा दर टिकवणं त्यांना जमत नाही. आणि तुम्ही राहताय परळला, म्हणजे खानावळींच्या माहेरीच! गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून आलेले कामगार असेच एकेका खोलीत दाटीनं राहायचे आणि जेवायचे चाळीतल्याच एखाद्या बाईकडे, महिन्याच्या हिशोबानं, पैसे पगार झाल्यावर. आता महिनाभर उधारीवर एवढी माणसं जेवू घालायची तर शिधा कुठून आणणार, मग त्या बायका सावकाराकडून जबर व्याजानं पैसे उचलायच्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तो गिऱ्हाईकवर्गही पांगला, पण रोजच्या माणसाला महिन्यावर जेवू घालायची पद्धत अजून आहे, फक्त ती पाटीवर लिहिलेली नसते, विचारावं लागतं.

शोधायचं असं की दुपारी साडेबारा-एकला पायी चक्कर मारा आणि टॅक्सीवाले, दुकानातली पोरं, केईएम नाहीतर टाटा हॉस्पिटलला पेशंटबरोबर आलेले नातेवाईक कुठे जेवायला बसतात ते बघा. जो माणूस रोज बाहेर जेवतो त्याला चवही लागते, पोटही सांभाळायचं असतं आणि पैसेही मोजून असतात, त्यामुळे त्याची निवड सहसा चुकत नाही. आत गेल्यावर मेन्यू कार्ड मागू नका, "आज काय केलंय?" एवढंच विचारा. "मटकीची उसळ, दुधी, आमटी" असं पटकन उत्तर आलं तर बसा. "सगळं मिळेल, पंजाबी, चायनीज, बोला काय पाहिजे" असं आलं तर ती जागा रोजच्या जेवणाची नाही, तिथली ग्रेव्ही सकाळीच एका पातेल्यात करून ठेवलेली असते आणि तीच प्रत्येक भाजीत फिरते, पोट बिघडतं ते बऱ्याचदा यानंच.

पहिल्या दिवशी साधी राइस प्लेट घ्या आणि वरण नीट बघा. डाळ खाली आणि पाणी वर असं वेगळं दिसत असेल तर गर्दी वाढली तसं पाणी वाढवलंय. वरण एकजीव असेल, पोळी तव्यावरून येत असेल, भाजीवर तेलाचा तवंग नसेल, तर चार-पाच दिवस जाऊन बघा आणि मग गल्ल्यावर महिन्याचं बोला. एकदम महिन्याचे पैसे भरू नका, आधी दहा कुपनं घ्या. खाड्याचं आधीच ठरवून घ्या, म्हणजे गावाला गेलात तर आदल्या रात्री सांगितलं तर ते जेवण कापणार का, आणि रविवारी रात्री चालू असतं का. नंतर यावरूनच वाद होतात.

रात्रीसाठी पोळीभाजी केंद्र बघा. दादर-परळच्या बाजूला गल्लोगल्ली आहेत, बरीचशी बायकाच चालवतात, पोळ्या नगावर आणि भाजी वजनावर मिळते. चौघांत एक किलो सुकी भाजी आणि मोजून पोळ्या घेतल्या की बाहेरच्या दोन माणसांच्या पैशात चौघं जेवतात. फक्त आठच्या आत जा, चांगल्या भाज्या लवकर संपतात.

प्रश्न : मी एकटी राहते. लंच होममध्ये एकटीनं जाऊन बसायला अवघडल्यासारखं होतं, सगळे बघतात असं वाटतं, टेबलही दुसऱ्यांबरोबर शेअर करावं लागतं. काय करू?

टेबल शेअर करणं ही मुंबईतली जुनी रीत आहे, समोरचा माणूस आपलं जेवतो आणि उठून जातो, कुणी बोलायलाही येत नाही, दोन-तीनदा गेलात की तुम्हालाही त्याचं काही वाटणार नाही. तरी सुरुवात उडप्याकडून करा. माटुंगा स्टेशनसमोरचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून आहे, लिमिटेड आणि अनलिमिटेड अशा दोन्ही थाळ्या मिळतात, एकट्या माणसाला लिमिटेड भरपूर होते. दादरला स्टेशनजवळ मामा काणे यांचं उपाहारगृह आहे, 1910 पासूनचं, तिथे बटाटेवड्याबरोबर साधं मराठी जेवणही मिळतं. अशा ठिकाणी एकट्या बाईकडे कुणी मान वळवून बघत नाही. आणि जमलं तर बाराला जा, गर्दी नसते, पहिल्या वाफेचा भात मिळतो. पाटीवर परमिट रूम लिहिलं असेल तर आत शिरण्याआधीच फॅमिली सेक्शन वेगळा आहे का ते विचारा, नसेल तर सरळ पुढे चला, जागा काय कमी आहेत का!

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघं मासेखाऊ, पण मालवणी हॉटेलात दोन थाळ्या घेतल्या की महिन्याचं बजेटच हलतं. स्वस्तात मासे खायचे तरी कसे?

सुरमई, पापलेट, हलवा सोडा, एवढंच खरं तर उत्तर आहे. थाळीचा दर तळलेल्या तुकडीवर ठरतो, बाकी भात, कालवण, सोलकढी सगळ्यांना तीच. बांगडा, मांदेली किंवा बोंबील थाळी घेतलीत तर बराच फरक पडतो, आणि चवीला हे मासे कुठेच कमी नाहीत, उलट तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण ज्यानं खाल्लंय तो सुरमईकडे बघणारही नाही असं माझं ठाम मत आहे. दुसरी गोष्ट, दोन थाळ्या कशाला? एक थाळी, एक फिश करी राइस आणि मधे एक प्लेट बोंबील फ्राय, दोघांचं पोट भरतं.

बोंबलावरून स्वयंपाकघर कळतं. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, तो मधे चिरून, पसरून, वर वजन ठेवून दाबायला लागतो, तेव्हा पाणी निघतं आणि मग रवा लावून तव्यावर टाकला की कडा कुरकुरीत होतात आणि आतून मऊ राहतो. घाईवालं हॉटेल दाबत बसत नाही, जाड पीठ लावून कढईत सोडतं. प्लेट आल्यावर पिठाचं कवच सुटून वेगळं होत असेल आणि आत लिबलिबीत असेल तर तिथे दुसरं काही मागवू नका.

मेन्यूवर माशापुढे ए.पी.एस. लिहिलेलं असतं, म्हणजे दर साइजप्रमाणे. मासा कढईत पडण्याआधी दर विचारा, त्यात लाजायचं काही नाही, नेहमीचे लोकही विचारतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं, आणि दरही चढलेले. त्या दोन महिन्यांत सुकवलेली मासळी, म्हणजे सुकट, जवळा, सोड्याची खिचडी खा, तांदळाच्या भाकरीबरोबर कोलंबीचं सुकं मागवण्यापेक्षा तेव्हा जवळाच भारी लागतो. बाकी वर्षभर सोमवार, गुरुवार, संकष्टी सोडून जा, त्या दिवशी खप कमी म्हणून माल कमी आणतात आणि कालचाही पुढे येऊ शकतो. बुधवार, शुक्रवार, रविवारी माल खपतो, म्हणून ताजा असतो.

प्रश्न : छोट्या हॉटेलवाल्यानं बिलावर पेननं पाच टक्के जीएसटी लिहिला. द्यायचा का?

बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर आहे का बघा, महाराष्ट्रातला असेल तर 27 नं सुरू होतो. नंबर नसेल तर जीएसटी मागता येत नाही. बरीच छोटी हॉटेलं कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या करपद्धतीत असतात, तिथे पाच टक्के मालकानं स्वतःच्या विक्रीवर भरायचे असतात, गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नसतात, आणि तसं बिलावर लिहावंही लागतं. नंबर आहे आणि अडीच-अडीच असे दोन आकडे छापून आलेत तर मुकाट्यानं द्या, ते बरोबर आहे. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे, जुलै 2022 ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसे नियम काढलेत, नको असेल तर काढून टाका म्हणायचं. पण जो वेटर तुम्हाला न मागता गरम पोळी आणि वाटीभर जास्तीचं कालवण आणून देतो त्याच्या हातात दहा-वीस रुपये आवर्जून ठेवा.