‘रेसचा’ म्हणून मिळालेला घोडा

प्रश्न : एका निवारा केंद्रातून कुमैत (तांबूस-तपकिरी, काळ्या आयाळीचा) रंगाचा, खच्ची केलेला घोडा आणलाय. ‘रेसचा आहे, बारा वर्षांचा’ एवढंच ते सांगतात. मोरखीशिवाय (तोंडावर बांधायच्या पट्ट्याशिवाय) सोबत काहीच आलं नाही. त्याचं नाव, वय, आधीचं आयुष्य कळेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘रेसचा’ हा शब्द विकणारे फार सैल वापरतात, म्हणून आधी कातडीखाली टोचलेली ओळखीची चिप शोधा. ती भाताच्या दाण्याएवढी असते; सहसा मानेच्या डाव्या बाजूला, कान आणि खांद्याच्या मधोमध, आयाळीच्या जरा खाली. पशुवैद्यकांना १३४.२ किलोहर्ट्झचा स्कॅनर आणायला सांगा. मोरखी उतरवून दोरी घाला, लोखंडी कड्यांनी वाचन बिघडतं. स्कॅनर कातडीला लावून सावकाश फिरवा, मग उजवी बाजूही बघा. १५ आकडे उमटले की पडद्याचा फोटो घ्या. हाताने उतरवताना हमखास चूक होते. सुरुवातीला ३५६ म्हणजे भारत. ९०० किंवा पुढचा आकडा चिप बनवणाऱ्या कंपनीचा असतो, त्यावरून घोडा परदेशी ठरत नाही.

चिप मिळो न मिळो, पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाला लिहा. थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या जन्माची नोंद तिथे असते. मारवाडी, काठियावाडी निघाला तर तिथे काही मिळणार नाही. दोन्ही बाजू, समोरून, मागून आणि चारही पाय गुडघ्याखाली, असे फोटो जोडा. पायाचे पांढरे पट्टे ओले करून टिपा, कडा स्वच्छ दिसतात. आणि भोवरे, म्हणजे केस गोल वळलेल्या जागा, विसरू नका. बाजारात त्यांवरून शुभ-अशुभ ठरवून भाव पाडतात, ते सोडा. पण घोड्याच्या ओळखपत्राच्या आकृतीत भोवऱ्यांच्या जागी फुल्या असतात आणि भोवरा जन्मभर जागा सोडत नाही. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, एक की दोन, एवढ्यावरून सारख्या रंगाचे दोन घोडे वेगळे काढता येतात.

नाव जुळलं की आई-बाप, जन्मतारीख मिळते आणि शर्यतींचे निकाल टर्फ क्लबांकडे (शर्यती भरवणाऱ्या संस्थांकडे) शोधता येतात. ही नोंद मात्र रेसकोर्सच्या फाटकाशी थांबते. पुढचं घोड्याच्या अंगावर वाचायचं. पाठीच्या उंचवट्यावर पांढरे केस म्हणजे चुकीचं खोगीर लागलं होतं; छातीवर, खांद्यांच्या पुढे असतील तर तो गाडीला जुंपला गेला असावा. पुढच्या पायाची मागची शीर (टेंडन) धनुष्यासारखी फुगलेली असेल, तर शर्यत सुटण्याचं कारण बहुधा तेच.

‘बारा’वर भरवसा ठेवू नका. वरच्या कोपऱ्यातल्या पटाशीच्या दातावर हिरडीपाशी उभी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते, विसाव्याला टोक गाठते. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धराच. लाकूड चावायची खोड असेल तर दातांची झीज फसवते.

आणि केंद्राकडून त्या भागातल्या नालबंदाचं नाव काढा. मालक बदलतात, पण खूर त्याच्याच हाताखालून गेलेले असतात.

प्रश्न : जुना मालक सापडला तर घोडा परत मागेल का?

उत्तर : केंद्राने तो कसा मिळवला, त्यावर आहे. मालकाने लिहून दिला असेल तर त्या कागदाची प्रत घ्या. पोलिसांनी जप्त केला असेल तर तो खटल्यातला मुद्देमाल. त्याला खटल्यातल्या जप्त जनावरांच्या देखभालीचे २०१७ चे नियम लागू होतात, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय केंद्रालाही तो कुणाला देऊन टाकता येत नाही. अशा वेळी मालकाला स्वतःहून फोन करू नका, आधी खटला क्रमांक विचारा.