शिकलीसवरलेली माणसंही जाहिरातींना कशी भुलतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, आपण एवढे शिकलेले असूनही जाहिरातींना का भुलतो, आणि कंपन्या खोटं बोलत असतील तर त्यांना कुणी पकडत कसं नाही.

आधी दुसऱ्या भागाचं सांगतो. मोठ्या कंपन्या सहसा धडधडीत खोटं बोलतच नाहीत. सगळा मामला 'नरो वा कुंजरो वा'चा असतो. वाक्य खरं, पण ऐकणाऱ्याने काढायचा अर्थ भलताच. माझं मेडिकल स्टोअर आहे, त्यामुळे हा खेळ मी काउंटरच्या आतल्या बाजूने बघतो. यातलं सगळ्यात मुरलेलं उदाहरण म्हणजे मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी.

हॉर्लिक्सच घ्या. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यांच्या जाहिरातींनी 'नाइट स्टार्व्हेशन' नावाचं एक दुखणं लोकांच्या गळी उतरवलं. झोपेत शरीर उपाशी राहतं, म्हणून सकाळी उठल्यावर थकवा असतो, सबब झोपताना कपभर हॉर्लिक्स घ्या. वैद्यकशास्त्रात असा आजार नव्हताच, तो जाहिरातवाल्यांनी जन्माला घातला. तिकडे हे पेय पुढेही झोपण्याआधी घ्यायचं म्हणूनच ओळखलं गेलं. आपल्याकडे मात्र त्याच नावाच्या बरणीने मुलं 'टॉलर, स्ट्राँगर, शार्पर' व्हायला लागली! तिकडच्या माणसाला घोर झोपेचा, इकडच्या आईला घोर मुलाच्या उंचीचा आणि मार्कांचा. ज्याला जो घोर, त्याला तो उतारा. गंमत म्हणजे 2008 मध्ये बांगलादेशासाठी केलेली अशीच एक जाहिरात एका नेपाळी वाहिनीवरून ब्रिटनमध्ये दिसली, आणि तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने दाव्याला पुरेसा पुरावा नाही म्हणून ती बंद करायला लावली.

यापुढे अशी जाहिरात लागली की जरा नीट बघा. पावडरीपेक्षा आईचा चेहरा जास्त वेळ दिसतो. आधी शेजारचा उंच मुलगा, मग आपला मागे पडलेला, मग आईच्या कपाळावरची आठी. तोवर पावडरीचं नावही आलेलं नसतं. पहिली वीस सेकंदं काळजी पेरण्यात जातात आणि बरणी शेवटी येते. आणि मग कोपऱ्यात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, 'संतुलित आहारासोबत' किंवा 'दुधासोबत घेतल्यास' असं काहीतरी. आता पोरगं रोज दोन वेळा दूध पीत असेल आणि नीट जेवत असेल तर ते वाढणारच की! श्रेय बरणीने घ्यायचं.

साखरेचं गणितही याच पठडीतलं. एप्रिल 2023 मध्ये सोशल मीडियावर पाकिटांवरचे घटक उलगडून सांगणारे रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्यांनी तो काढून टाकला, पण तोवर तो घरोघरी पोचला होता. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. पुढे कंपनीने 100 ग्रॅममागची वरून घातलेली साखर 37.4 ग्रॅमवरून 32.2 वर आणली. म्हणजे 20 ग्रॅम पावडर घातली की अजूनही सहा ग्रॅमच्या वर साखर ग्लासात जाते, आणि बऱ्याच घरांत वरून आणखी एक चमचा पडतोच. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. हॉर्लिक्सवाल्यांनीही मग आपल्या सदराचं नाव 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक' असं केलं. माझ्या दुकानात अजूनही गिऱ्हाईक "ते हेल्थ ड्रिंक द्या" असंच म्हणतं. इतक्या वर्षांचं घोटवलेलं एका परिपत्रकाने थोडंच पुसतं?

दुकानातली एक गोष्ट तुम्हाला टीव्हीवर दिसणार नाही. या बरण्यांचा रॅक कुठे लावायचा हे बऱ्याचदा दुकानदार ठरवत नाही. कंपनीचा माणूस येतो, डिस्प्लेचे पैसे किंवा स्कीम देतो आणि जागा सांगून जातो. ती जागा साधारण सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर येईल अशी असते, आणि फुकट खेळणं असेल तर ते पुढच्या बाजूला. पोराने हट्ट केला की चार लोकांत आई नाही म्हणत नाही. (मी रॅक ठेवतो का? ठेवतो. नाही ठेवला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.)

आता शिकलेल्यांचं. माझा अनुभव असा की शिकलेलं गिऱ्हाईक जास्त लवकर सापडतं. त्याला 'क्लिनिकली प्रूव्हन', जीवनसत्त्वांची यादी, पांढऱ्या कोटातला माणूस, हे सगळं ओळखीचं वाटतं. कशाच्या तुलनेत प्रूव्हन, हे तो विचारत नाही. त्यात दोघं नोकरीला, मुलाकडे बघायला वेळ नाही, मनात टोचणी असते. बरणी विकत घेतली की ती जरा कमी होते. कमी शिकलेली आजी मात्र सरळ विचारते, "यात हाय काय नेमकं?"

बाकीचे प्रकार तुम्हाला ठाऊक असतीलच. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण त्याच घराण्यातल्या 'वेलची'ची जाहिरात मोठमोठे नट करतात, आणि वेलची खाण्यासाठी कोटभराचा हिरो कशाला लागतो हे कुणी विचारत नाही. ऑनलाइन 'फक्त 2 शिल्लक'वाल्या खोट्या घाईवर 2023 मध्ये केंद्राने नियम केलेत, त्यात गिऱ्हाइकाला गंडवायच्या अशा एकूण 13 क्लृप्त्या नोंदवल्यात.

बचाव म्हणाल तर बरणी उलटी करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे पहिल्या तीन नावांत साखर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. आकडे बघताना 100 ग्रॅमचा रकाना बघा, 'दुधासह'चा नको, कारण त्यात दुधाची प्रथिनंही मोजलेली असतात. तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जाहिरातींसाठी मुंबईची 'ॲस्की' (जाहिरात उद्योगानेच स्वतःवर नजर ठेवायला काढलेली संस्था) आहे. फक्त जाहिरातीचा स्क्रीनशॉट, वाहिनी, तारीख आणि नेमका कोणता दावा खटकला ते लिहून पाठवा. नुसतं 'ही कंपनी फसवते' एवढंच लिहिलंत तर त्यांनी तपासायचं काय?